पंप चालू असूनही दमा आटोक्यात येत नसेल तर : बुरशीच्या अ‍ॅलर्जीविषयी थोडी माहिती

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात दमा काही नवा नाही. पावसाळा सरतो, शेतात सोयाबीनच्या गंज्या लागतात, घरोघरी दिवाळीची झाडझूड सुरू होते आणि दमेकऱ्यांच्या रात्री उशीला टेकून बसण्यात जातात. कोजागिरीला दम्याच्या औषधाची खीर घ्यायला लोक गावोगाव जातात, तेही याच दिवसांत. बहुतेकांचा दमा नियमित पंप घेतल्याने ताब्यात राहतो. पण प्रत्येक गावात दोन-चार माणसे अशी असतात की ती पंप सोडत नाहीत, पथ्य पाळतात, तरी दर दोन-तीन महिन्यांनी त्यांना दवाखान्यात भरती व्हावे लागते. खोकल्यातून कधी कधी तपकिरी, चिकट, गोळीसारखा बेडका पडतो. बारीक ताप येतो. वजन उतरते. अशांपैकी काहींना नुसता दमा नसतो, दम्यावर बसलेला एक दुसरा आजार असतो. त्याचे लांबलचक नाव अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कोपल्मोनरी अ‍ॅस्परजिलोसिस. डॉक्टर त्याला एबीपीए म्हणतात, आम्हीही पुढे तेच म्हणू.

आम्ही डॉक्टर नाही. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेला माणूस औषधावर लिहितो म्हणून कोणी हसले तरी चालेल. पण मंडळातल्या कुटुंबांशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानावर आली आणि ती लिहिणे आवश्यक वाटले. ती अशी की दमा असलेल्या माणसाच्या छातीचा एक्स-रे निघतो, त्यात पांढरा डाग दिसतो, आणि थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही टीबीचे औषध सुरू होते. सहा महिने औषध होते. मध्ये थोडे बरे वाटते, डागही पुसट होतो, मग दुसऱ्या ठिकाणी नवा डाग येतो. पुन्हा टीबीचा कोर्स.

हे आपल्याच भागात होते असे नाही. चंडीगढच्या पीजीआय या संस्थेत एबीपीएवर देशातले सर्वांत मोठे काम झाले आहे. तिथल्या डॉक्टरांनी 2006 साली आपल्या 126 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातल्या 59 जणांना, म्हणजे जवळजवळ निम्म्यांना, आधी टीबीचे औषध देऊन झाले होते. आपल्या देशात टीबी खूप आहे, म्हणून डॉक्टरच्या मनात तो आधी येणे स्वाभाविक आहे, आणि एक्स-रेवर दोन्ही आजार बरेच सारखे दिसतात. त्यामुळे आम्ही कुणा डॉक्टरला दोष देत नाही. पण रुग्णाच्या बाजूने पाहिले तर दोन नुकसान होतात. एक, खरा आजार आत वाढत राहतो. दुसरे, घरात टीबीचे नाव लागते. ताट-वाटी वेगळी होते, सुनेला माहेरी पाठवतात, लग्नाच्या मुलीचे नाव काढायला लोक कचरतात. टीबीच्या माणसाशीसुद्धा असे वागू नये, हे तर आहेच. एबीपीए तर एका माणसाकडून दुसऱ्याला लागतच नाही. आईच्या खोकल्याने लेकराला होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही.

आता ही बुरशी कोण, ते पाहू. 1729 साली इटलीतल्या फ्लॉरेन्सचे धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी सूक्ष्मदर्शकातून एक बुरशी पाहिली. बारीक दांडी, तिच्या टोकाला गोल डोके आणि त्यावर बीजांच्या माळा. त्यांच्या चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायचे जे साधन असते, त्याची त्यांना आठवण झाली, म्हणून त्यांनी नाव दिले अ‍ॅस्परजिलस. आपण पूजेत आंब्याच्या पानाने किंवा दर्भाने पाणी शिंपडतो, तशातलाच प्रकार. या कुळात पुष्कळ जाती आहेत. एबीपीए बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस नावाच्या जातीमुळे होतो. दम्याच्या रुग्णांमध्ये हा वेगळा आजार आहे हे इंग्लंडमधल्या तीन डॉक्टरांनी 1952 साली प्रथम मांडले.

या बुरशीच्या बीजाणूंचा आकार दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन-तीन. डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. आपण सगळेच रोज असे शेकडो बीजाणू ओढतो. निरोगी माणसाचे फुफ्फुस ते गुपचूप साफ करते, त्याला कळतही नाही.

हवेत बुरशीचे बीजाणू किती, कोणत्या महिन्यात जास्त, याचे शास्त्र वाढवण्यात एका मराठी प्राध्यापकाचा मोठा वाटा आहे, हे सांगायला आनंद वाटतो. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. टी. टिळक यांनी 1970 च्या सुमारास हवा खेचून तिच्यातले बीजाणू पट्टीवर पकडणारे यंत्र तयार केले. विजेवर चालणारे, आठ दिवस सलग नोंद ठेवणारे. ते टिळक एअर सॅम्पलर या नावाने ओळखले जाते. शेतावर, गोदामात, बाजारात ठेवून त्यातून हवेची मोजणी होत असे. पिकांच्या रोगांसाठीही ते वापरले गेले आणि अ‍ॅलर्जीच्या अभ्यासासाठीही.

ही बुरशी राहते कुठे? कुजणाऱ्या वस्तूंत. आणि तिला उष्णता सोसते, हे तिचे वैशिष्ट्य. बहुतेक बुरश्या माणसाच्या अंगाच्या तापमानाला दमतात. ही 37 अंशाला आरामात वाढते आणि 50 अंशालाही तग धरते. म्हणूनच वाफाळणारा खताचा खड्डा हे तिचे माहेरघर. शेणखताचा ढीग उकरला की जो धूर-धूर धुरळा उठतो, त्यात ती असते. पावसात भिजलेले कुटार, ओला राहून आतून तापलेला कडबा, गोठ्यातला सडलेला पाला, ओल धरलेल्या भिंती, वर्षानुवर्षे न उघडलेली कोठी, जुन्या कागदांचे गठ्ठे, ही सगळी तिची ठिकाणे. जुन्या लेजरांची खोली उघडली की जो वास येतो, तो आमच्या पिढीच्या बँकवाल्यांना आयुष्यभर विसरता येणार नाही.

उन्हाळ्यातला कूलर यात धरायला हवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय राहणे कठीण. पण त्याच्या ताट्या दिवसरात्र ओल्या असतात, टाकीत पाणी साचून राहते, आणि पंखा तीच हवा खोलीभर फेकतो. मागच्या वर्षीच्या ताट्या तशाच ठेवून नव्या उन्हाळ्यात कूलर सुरू केला, तर पहिल्या झोतात काय काय बाहेर पडत असेल ते सांगायला नको.

इथे दोन गैरसमज दूर केलेले बरे. आपला भाग संत्र्यांचा. पेटीत सडलेल्या संत्र्यावर जी हिरवी-निळी बुरशी दिसते ती वेगळ्या कुळाची, पेनिसिलियमची. संत्री खाल्ल्याने एबीपीए होत नाही. दमेकऱ्याने उगाच संत्री सोडू नयेत. दुसरे, मका आणि भुईमुगावर जी पिवळसर-हिरवी बुरशी येते ती अ‍ॅस्परजिलस कुळातलीच आहे, पण फ्लेव्हस जातीची. तिचे विष पोटातून लिव्हरला बाधते, म्हणून असा दाणा माणसाने खाऊ नये आणि ढोरालाही घालू नये. तो विषय वेगळा. आणि 2021 साली कोरोनानंतर ज्या काळ्या बुरशीने नागपूर-विदर्भात आणि देशभर डोळे आणि जबडे गेले, तो म्युकरमायकोसिस तर अगदीच वेगळा. ती बुरशी अंगाचे मांस कुजवत जाते. एबीपीएमध्ये असे होत नाही. बुरशीचे नाव काढताच 2021 आठवून घाबरायचे कारण नाही.

मग एबीपीएमध्ये होते काय? दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आधीच सुजलेल्या असतात आणि त्यांत घट्ट चिकट कफ असतो. बीजाणू त्या कफात अडकतो. ऊब मिळते, ओल मिळते, तो रुजतो. बुरशी नळीच्या भिंतीत घुसत नाही, कफातच राहते. पण ती जी प्रथिने सोडते त्यांवर काही लोकांचे शरीर अतिशय चिडते. रक्तात आयजीई नावाचा अ‍ॅलर्जीचा घटक शेकड्यांवरून हजारांवर जातो, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, आणि त्या पेशी बुरशीबरोबर आपल्याच श्वासनळीला मारतात. कफ आणखी घट्ट होऊन नळीत बूच बसते. बुचाच्या पलीकडे हवा जात नाही, तो भाग एक्स-रेवर पांढरा दिसतो. बूच खोकल्यातून निघून गेले की डाग नाहीसा होतो, दुसरीकडे बूच बसले की तिकडे दिसतो. टीबीचे औषध चालू असताना डाग पुसट होतो तो बऱ्याचदा याच कारणाने, आणि औषध लागू पडले असे सगळ्यांना वाटते.

हे वर्षानुवर्षे चालले तर नळीची भिंत ढिली पडते, ती कायमची फुगते. याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. फुगलेली नळी पुन्हा पूर्ववत होत नाही. तिच्यात कफ साचतो, वरचेवर इन्फेक्शन होते, कधी खोकल्यातून रक्त पडते. पुढे फुफ्फुस आक्रसते आणि माणूस अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत चालताना थांबतो. म्हणून लवकर ओळखण्याला महत्त्व आहे. नळ्या फुगायच्या आधी आजार सापडला तर फुफ्फुस वाचते. दहा वर्षांनी सापडला तर उरलेले सांभाळायचे, एवढेच हाती राहते.

किती लोकांना असतो? छातीच्या मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्या दमेकऱ्यांपैकी शंभरात दहा-बारा जणांना तो सापडतो, असे वेगवेगळ्या अभ्यासांवरून दिसते. भारतात सुमारे 14 लाख प्रौढ दमेकऱ्यांना एबीपीए असावा, असा अंदाज चंडीगढच्या आणि इंग्लंडच्या तज्ज्ञांनी मिळून 2014 साली मांडला. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण अंदाज अर्धा धरला तरी आकडा लहान नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नसणार.

ओळखायची सुरुवात एका रक्ततपासणीने होते. यासाठी मोठे यंत्र किंवा ऑपरेशन लागत नाही. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसविरुद्धचे आयजीई रक्तात आहे का, आणि एकूण आयजीई किती, हे पाहतात. दोन्ही लागतात, हे लक्षात ठेवावे. नुसते एकूण आयजीई जंतांमुळेही वाढते, इतर अ‍ॅलर्जीमुळेही वाढते. तेवढ्यावरून निदान होत नाही. 2024 च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे बुरशीविरुद्धचे आयजीई सापडले आणि एकूण आयजीई 500 किंवा त्याहून जास्त असले, तर पुढे इओसिनोफिल, बुरशीविरुद्धचे आयजीजी आणि छातीचा सीटी स्कॅन पाहून डॉक्टर ठरवतात. आधी ही एकूण आयजीईची मर्यादा 1000 होती. म्हणजे ज्याला काही वर्षांपूर्वी आकडा थोडा कमी म्हणून नाही सांगितले असेल, त्याने त्रास चालू असल्यास पुन्हा विचारायला हरकत नाही. एक काळजी अशी घ्यावी की रक्त देण्याआधी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण गोळ्यांनी हे आकडे खाली येतात. दम्यावर म्हणून गावात ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच असते. पुडीने दुसऱ्या दिवशी चमत्कारासारखे बरे वाटते ते त्यामुळेच. पुडी घेत असाल तर तेही लपवू नये.

याच्याबरोबर थुंकीची टीबीसाठी तपासणी करूनच घ्यावी. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावरची ही तपासणी सरकारी टीबी विभागामार्फत मोफत होते. एबीपीएचे औषध स्टेरॉइड आहे, आणि खरोखरच टीबी असताना एकटे स्टेरॉइड दिले तर टीबी भडकतो. त्यामुळे आम्ही टीबीचे औषध घेऊ नका असे मुळीच म्हणत नाही. थुंकीत जंतू सापडला असेल तर कोर्स पूर्ण करायचा, एक दिवसही चुकवायचा नाही. आमचे म्हणणे एवढेच की दमेकऱ्याला नुसत्या एक्स-रेवरून टीबी सांगितला, थुंकीत काही सापडले नाही, तर घरच्या माणसाने नम्रपणे विचारावे, “डॉक्टरसाहेब, यांना जुना दमा आहे, अ‍ॅस्परजिलसची तपासणी करून पाहायची का?” विचारल्याने कोणी रागावत नाही. छातीच्या तज्ज्ञाला दाखवायचे तर आपल्याला नागपूर जवळ पडते. तिथे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, एम्स आहे. छिंदवाड्यालाही आता मेडिकल कॉलेज झाले आहे.

उपचार साधारण चार महिन्यांचा असतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हळूहळू कमी करत देतात, किंवा इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध देतात, काही वेळा दोन्ही. पीजीआयच्याच डॉक्टरांनी 131 रुग्णांवर दोन्हींची तुलना करून 2018 साली निष्कर्ष छापले. प्रेडनिसोलोनने सगळ्यांना गुण आला, इट्राकोनॅझोलने शंभरातल्या 88 जणांना, पण दुसऱ्यात दुष्परिणाम कमी होते. म्हणून ज्याला साखर आहे, हाडे ठिसूळ आहेत, त्याच्याबाबत डॉक्टर दुसरे निवडू शकतात. कोणते घ्यायचे हे त्यांनीच ठरवायचे. आपल्याकडून पाळायच्या गोष्टी मात्र आहेत. स्टेरॉइड बरे वाटले म्हणून मध्येच एकदम बंद करू नये, आणि ती चालू असताना साखर आणि बीपी तपासत राहावे. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायची, कारण ती पोटातल्या आम्लाशिवाय नीट शोषली जात नाही. आपल्याकडे अ‍ॅसिडिटीची गोळी लोक न विचारता, चहासारखी घेतात. ती या कॅप्सूलचा परिणाम घालवते. हृदयाची, कोलेस्टेरॉलची औषधे चालू असतील, तर तीही सांगावीत. काही पंपांतले स्टेरॉइड या कॅप्सूलमुळे अंगात जास्त साठते, म्हणून पंपही डॉक्टरांना दाखवावा. पण दम्याचा पंप स्वतःच्या मनाने बंद करायचा नाही.

पैशांच्या हिशेबातला माणूस म्हणून एक गोष्ट आम्हाला विशेष पटली. उपचारानंतर आयजीई कधी शून्यावर किंवा सामान्य आकड्यावर येईल, अशी वाट पाहायची नसते. बहुतेकांचे ते येतच नाही. दोन महिन्यांत आकडा किमान पाचव्या हिश्शाने उतरला आणि त्रास कमी झाला, तर औषध लागू पडले असे धरतात. उपचार संपताना जो सर्वांत कमी आकडा राहतो ती त्या माणसाची स्वतःची शिल्लक. एकाची 900 असेल, दुसऱ्याची 4000. पुढे कधी त्रास वाढला आणि आकडा त्या शिलकेच्या दीडपट किंवा वर गेला, तर आजार पुन्हा उसळला. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा लावून घाबरण्यात अर्थ नाही, आणि रिपोर्ट हरवणे मात्र महाग पडते. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावावेत, पहिल्या पानावर तारीख, आयजीई, वजन आणि चालू औषध एवढे चार रकाने आखावेत. नवा डॉक्टर पाच मिनिटांत सगळे समजून घेतो. आजार पुष्कळ जणांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत येतो, त्या वेळी ही फाइलच उपयोगी पडते.

घरातले आणि शेतातले थोडे सांगून थांबतो. बुरशी हवेतून पूर्ण काढता येत नाही, तिच्या मागे लागून घर धुऊन काढण्याने आजार बरा होत नाही. औषध हेच मुख्य. पण ढीगभर बीजाणू एका दमात ओढणे टाळता येते. एबीपीए असलेल्या माणसाने खताचा खड्डा उपसायला जाऊ नये, कुटार भरताना, थ्रेशर चालताना जवळ उभे राहू नये. घरात दुसरे कोणी नसेल तर निदान चांगला एन-95 मास्क लावावा. तोंडाला बांधलेला दुपट्टा एवढे बारीक बीजाणू अडवत नाही. दिवाळीची माळ्यावरची झाडझूड त्या माणसाकडे देऊ नये, आणि झाडून झाल्यावर तास-दोन तास त्याने त्या खोलीत येऊ नये. ओल्या फडक्याने पुसले तर धुरळा कमी उडतो. पावसाळ्यात जी भिंत पाझरते तिच्याशेजारी त्याची खाट नको. कूलरच्या ताट्या दरवर्षी नव्या घालाव्यात, टाकीचे पाणी रोज बदलावे, आणि हंगामातला पहिला अर्धा तास कूलर खिडक्या-दारे उघडी ठेवून, खोलीत कोणी नसताना चालवावा.